जिभेला लावलेलं वळण

गल्लीत तिला सगळे मावशी म्हणत, पण ती कुणाचीच मावशी नव्हती. असती तर त्या भाच्यांचं काही खरं नव्हतं, असं तिच्याकडे काम केलेल्या बायका म्हणायच्या. तेही ती आसपास नाही ना, हे बघूनच.

ती या मुलखात आली तेव्हा गल्ली म्हणजे नुसती दलदल होती. शहरातलं कुणी तिथं राहायला तयार नव्हतं, पण शहराची मळकी कापडं कुठंतरी जायला हवी होतीच. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यातली रक्ताळलेली पांघरुणं, शिपायांचे गणवेश. ओढ्याकाठी धुलाईचे कारखाने निघाले आणि त्यांत राबायला समुद्रापलीकडून माणसं आणली गेली. मावशीचा नवरा त्यातलाच एक. आधी तो आला, बॉयलरवर चिकटला, आणि मग बायकोला आणि तान्ह्या लेकीला बोलावून घेतलं. पत्र्याची एक खोली, फळीच्या भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड, आणि कपड्यांना, केसांना, अंथरुणाला कायमचा सोड्याचा वास.

नवरा हसरा होता. इथल्या भाषेचा त्याला गंध नव्हता. कुणी काहीही बोललं की मान डोलवून हसायचा. मुकादमानं शिवी हासडली तरी हसायचा.

लेक बोलायला लागली, पळायला लागली, आणि एका सकाळी बॉयलरची झडप सैल झाली. वर उभा असलेला मुकादम जिवाच्या आकांतानं ओरडला, "मागे हो! मागे!" नवऱ्याला वाटलं, आपल्याला बोलावतायत. तो हसत पुढे गेला.

मावशीला नेऊन दाखवलं तेव्हा तिनं त्याला बुटांवरून ओळखलं. मुकादम हातवारे करून पुन्हापुन्हा काहीतरी सांगत होता. शेजाऱ्यानं तिला उलगडून सांगितलं, "तो म्हणतोय, मी सांगितलं होतं. यानं ऐकलंच नाही."

"ऐकलं होतं," मावशी म्हणाली. "कळलं नव्हतं."

आठवडा उलटायच्या आत ती इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. इथली भाषा ती मुकादमाच्या तोंडून शिकली, त्यामुळे शिव्या आधी आल्या आणि बाकीचं मागाहून. पण आलं. आणि आलं तशी तिनं गावाकडची भाषा घराबाहेर काढली. लेकीला बजावलं, या उंबऱ्याच्या आत आता तिकडचा एक शब्दही चालणार नाही. 'आई' हा शब्दसुद्धा त्यात आला. पोर चुकली की ओल्या टॉवेलचा फटका बसायचा.

एकदा लेक तापानं फणफणली. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. "पाणी," ती म्हणाली, गावाकडच्या शब्दात. मावशी पेला हातात घेऊन खाटेपाशी उभी राहिली. "काय हवंय?" तिनं इथल्या भाषेत विचारलं. पोरीनं पुन्हा तोच शब्द उच्चारला. मावशी जागची हलली नाही. फळीपलीकडून शेजारीण कळवळून ओरडली, "अगं दे की! मारतेस का तिला?" मावशीनं तिकडे लक्षही दिलं नाही. पोर रडली, गप्प झाली, आणि शेवटी कुठूनसा तो परका शब्द शोधून तिनं तोंडाबाहेर काढला. तेव्हा पेला तिच्या ओठांना लागला. त्या दुपारी मावशीच्या हातून पहिल्यांदाच एक उशीचा अभ्रा जळाला आणि मुकादमानं तिची आई-बहीण काढली. तिला सगळं समजत होतं.

पुढे कारखान्याच्या जुन्या टाक्या विकायला निघाल्या, तेव्हा तिनं त्या घेतल्या आणि स्वतःची धुलाई काढली. गल्लीतल्या इतरांनीही तेच केलं. दलदल बुजली, पत्र्याच्या जागी विटा आल्या, बादल्यांच्या जागी यंत्रं आली. शहरातलं एकही मोठं हॉटेल असं उरलं नाही, ज्याची चादर या गल्लीतून गेली नाही. दोन बायका चादर ताणून घडी घालताना एकमेकींना गावाकडच्या भाषेत "धर!" म्हणून हाळी द्यायच्या. हॉटेलांच्या नोकरांनी तो शब्द उचलला आणि आता शहरातली बाई दुकानात येऊन "दोन धर द्या" असं म्हणते, म्हणजे तिला कडक घडीच्या चादरी हव्या असतात. हा शब्द कुठला, हे तिला ठाऊक नसतं.

मावशीच्या धुलाईत मात्र घड्या मुक्यानं घातल्या जायच्या. गावाकडून नव्यानं आलेल्या बायका ती कामाला ठेवायची आणि कामावर गावाकडची भाषा बोलली की त्याच पावली घरी पाठवायची. गल्लीतल्या कुणाचं कचेरीत काम निघालं की दुभाषी म्हणून तिलाच न्यायचे. तिथंही माणूस पोटतिडकीनं घडाघडा बोलायचा आणि मावशी साहेबाला एका वाक्यात उरकायची. एकदा एका कामवालीला तिची बहीण गेल्याचा निरोप कामावरच आला. ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली, बहिणीचं नाव घेऊन, गावाकडच्या भाषेत. यंत्रं थांबली. मावशी तिच्यापाशी आली.

"रडायचं तर इथल्या भाषेत रड. नाहीतर घरी जा."

बाई घरी गेली, ती पुन्हा कामावर आली नाही.

लेकीची जीभ मात्र अशी वळली की फोनवर कुणाला संशय येऊ नये. ती शिकली, शहराच्या पाणीखात्यात अधिकारी झाली, इथल्याच एका मुलाशी लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती आईला म्हणाली, "उद्या तू जरा कमी बोलशील का? तुझे उच्चार त्यांना नीट कळत नाहीत."

मावशीला वाईट वाटायला हवं होतं. तिची छाती फुगली. एवढ्यासाठीच तर केलं होतं सगळं. लग्नात ती दिवसभर ओठ मिटून बसली. विहीणबाईंना वाटलं, ही मुकीच आहे. त्या खुणांनी बोलू लागल्या आणि मावशीनंही खुणांनीच उत्तरं दिली.

म्हातारपणी तिला अर्धांगाचा झटका आला. हात वाचला, पाय वाचला, इथली भाषा गेली. डॉक्टर म्हणाले, "नंतर शिकलेलं कधीकधी आधी पुसलं जातं." मावशीला स्वतःला काही गेल्यासारखं वाटत नव्हतं. ती बोलत होती, नीट बोलत होती. लेकच वेड्यासारखी बघत होती. आणि लेक बोलायला लागली की तिला नुसता आवाज ऐकू यायचा, वरून कुणीतरी ओरडावं तसा. "नीट बोल की गं," ती लेकीला म्हणायची. लेक मान डोलवायची आणि हसायची.

ते हसणं बघितलं की मावशी किंचाळायची. ती का किंचाळते, हे लेकीला कळायचं नाही.

पुढे मावशी अंथरुणालाच खिळली, पण गल्लीतून सांभाळायला बाई मिळेना. मावशीचं नाव काढलं की जो तो कानावर हात ठेवायचा. शेवटी एक तयार झाली. बहिणीसाठी रडली होती, तीच. लेकीला हे ठाऊक नव्हतं. मावशीनं ओळखलं, पण सांगणार कुणाला, आणि कुणाकरवी?

बाई कामाला चोख होती. अंग पुसायची, वेळेवर भरवायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. फक्त मावशी बोलायची त्यातलं मूठभर पलीकडे पोचवायची. मावशी तासभर बोलून दमायची आणि बाई लेकीला सांगायची, "थंडी वाजतेय म्हणतात." लेक धावत जाऊन पांघरूण आणायची. अशी पांघरुणं एकावर एक चढत गेली.

एका रविवारी लेक पलंगावर टेकली. "तिला विचारा," ती बाईला म्हणाली, "मला ही भाषा का शिकू दिली नाही? आज तिच्याशी बोलता तरी आलं असतं."

बाईनं प्रश्न जसाच्या तसा विचारला. मावशीनं सांगायला सुरुवात केली. बॉयलर, झडप, मुकादमाचं ओरडणं, नवऱ्याचं हसत पुढे जाणं, ते बूट. लेकीला बापाबद्दल एवढंच माहीत होतं की तो अपघातात गेला. बाकीचं मावशीनं कुणाजवळच कधी काढलं नव्हतं. सांगताना तिची लाळ गळत होती आणि ती पुसायचं भान बाईला राहिलं नाही.

मावशी थांबली. लेक आशेनं बाईकडे बघत होती.

"म्हणतात, तुझ्या भल्यासाठीच केलं."

लेकीचा चेहरा मिटला. "तेच. जन्मभर तेच ऐकत आलेय," ती म्हणाली. आईच्या कपाळाला तिनं हात लावला, पर्स उचलली आणि निघून गेली.

"एवढंच सांगितलंस?" मावशीनं विचारलं.

"एवढंच. कचेरीत आमचं तू कुठं जास्त सांगायचीस?" बाई म्हणाली, आणि तिनं टॉवेल घेऊन मावशीची हनुवटी पुसली. हळुवारपणे पुसली.

त्यानंतर लेकीनं काही विचारलं नाही आणि मावशीही बोलायची कमी झाली. थंडी सरता सरता ती गेली. गल्ली लोटली होती, ज्यांना तिनं घरी पाठवलं होतं तीही माणसं आली. सगळे लेकीचा हात हातात घेऊन गावाकडच्या भाषेत काहीबाही सांगत होते. कुणी सांत्वन करत होतं, एकजण चक्क शिव्या देत होता. लेक सगळ्यांचे सारखेच आभार मानत होती.

पुढच्याच आठवड्यात त्या बाईला दुसरीकडे काम लागलं. ज्यांचं बोलणं पोटच्या पोरांना कळत नाही अशी म्हातारी माणसं गल्लीत आता बरीच झाली होती.