शेठजी, तात्या आणि नववा विषय

नगरपालिकेत तीस वर्षं कारकुनी केली. मी लिहिलेल्या ठरावांची निम्मी दप्तरं वाळवीने खाल्ली, किस्सा मात्र एकही खाल्ला नाही! चार मित्र जमले, चहा आला, की एक किस्सा दुसऱ्याचा हात धरून बाहेर येतो. परवा आमच्या ओट्यावर असाच वाद पेटला. पुढाऱ्याचं चारित्र्य बघावं की काम बघावं? दोघं अगदी हमरीतुमरीवर आले. मी म्हटलं, "भांडू नका रे. आमच्या ऑफिसात हा वाद तीन वर्षं चालला होता. आधी ते ऐका."

गाव नंदुरबारकडचं. नाव सांगत नाही, कारण या किश्शातल्या दोन्ही घराण्यांची नातवंडं मला रस्त्यात भेटतात. काळ दुसऱ्या मोठ्या लढाईच्या थोडा आधीचा.

नगरपालिकेचे अध्यक्ष होते नेमिचंदशेठ. कापडाचे व्यापारी, घराणं तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं. कांदा नाही, लसूण नाही, विडी नाही आणि खोटं तर नाहीच नाही! उपाध्यक्ष भिकनतात्या, मूळचे कोरीट गावचे शेतकरी. शेठजींना जे जे चालत नसे, ते सगळं तात्यांना चालायचं. मोहाची दारू प्यायचे, पत्ते कुटायचे, आणि थाप अशी मारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण तिथं हजर होतो!

मी शेठजींच्या पक्षाचा. तेव्हा पंचविशीत होतो. चारित्र्य हा शब्द नुसता कानावर पडला तरी माझी छाती फुगायची.

•

एकदा मी शेठजींच्या दुकानात सदऱ्याचं कापड बघत बसलो होतो. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातली एक बाई लुगडं घ्यायला आली. लाल लुगडं तिच्या मनात भरलं.

शेठजी म्हणाले, "बाई, पहिल्या धुण्याला याचा रंग जाईल."

"मंग हाई निळं?"

"त्याचा दुसऱ्या धुण्याला जाईल."

मला वाटलं, बाई आता उठून समोरच्या दुकानात जाणार. तर तिने लालच बांधून घेतलं! मी विचारलं, "रंग जाणार हे ऐकलंत ना?"

बाई म्हणाली, "ऐकं ना! दुसरा सांगत नही, आनी रंग तर जासच!"

शेठजींच्या दुकानात कायम गर्दी असायची ती याच्यामुळे. असा माणूस अध्यक्ष झाला तेव्हा गावाने पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

•

गावात पिण्याच्या पाण्याची एकच बारव. अडतीस पायऱ्या उतरायच्या, हंडा भरायचा, अडतीस चढायच्या. नदीवरून नळ आणायची योजना कागदावर होती. सरकारी मंजुरी हवी होती, म्हणून जिल्ह्याचे मोठे साहेब गावात आले.

साहेबांनी विचारलं, "मंजुरी दिली तर दोन वर्षांत काम पुरं होईल ना?"

सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या. शेठजी म्हणाले, "आम्हाला तसं वाटत नाही!"

साहेब भारावून गेले. म्हणाले, "असा सत्यवादी अध्यक्ष मी आजवर पाहिला नाही." शेठजींशी दोनदा हात मिळवला आणि मंजुरी शेजारच्या गावाला दिली. तिथल्या अध्यक्षांनी एका वर्षाचा वायदा केला होता.

साहेबांची मोटार धुळीत दिसेनाशी झाली तसे तात्या म्हणाले, "शेठजी, हो म्हनतात तर काय जातं?"

"तात्या, तोंडातून खोटं गेलं असतं."

"ते ऱ्हायनं. पन आते पानी गयं!"

•

पुढच्या वर्षी पुन्हा संधी आली. या खेपेला फक्त नगरपालिकेचा ठराव वर पाठवायचा होता. मी विषयपत्रिका लिहिली. विषय क्रमांक नऊ, पिण्याच्या पाण्याचा नळ.

शेठजींची सभा म्हणजे काटेकोर काम. तीन वाजता सुरू. प्रत्येकाला बोलू द्यायचं, प्रत्येकाचं ऐकायचं. पण शेठजींचं जेवण सूर्यास्ताच्या आत व्हायला हवं, हा त्यांच्या धर्माचा नेम. सहावा नाहीतर सातवा विषय आला की खिडकीतलं ऊन भिंतीवर चढायचं आणि शेठजी उठायचे. सभा तहकूब!

मी धीर करून म्हटलं, "शेठजी, पुढच्या सभेत पाणी पहिल्या नंबरवर घेऊ या का?"

शेठजी म्हणाले, "नळ माझ्या गल्लीतून जाणार आहे. ज्यात माझा फायदा, तो विषय मी वर कसा घेऊ? तो शेवटीच राहील."

मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि पत्रिकेवर पुन्हा नवव्या जागी नळ लिहिला. असा तो वर्षभर नववाच राहिला.

•

त्या उन्हाळ्यात आमची ही बारवेत पडली. सोळाव्या पायरीवर पाय सटकला. पोटाशी होती. देवाची कृपा म्हणून मनगटावर निभावलं, आणि हंडा चेपला.

मी घरी आलो. हिच्या हाताला हळदीचा लेप. तरी मी सवयीने ऑफिसातलं सांगायला लागलो. शेठजी किती निर्मळ, स्वतःच्या गल्लीचा नळसुद्धा वर घेत नाहीत, वगैरे.

हिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेठजीनं चारित्र्य भलतं चांगलं शे. पन ते मन्हा हंडामा पडत नही!"

मी खाली मान घालून जेवलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. बाळंतपणानंतर ही पुन्हा त्याच पायऱ्या उतरणार होती.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळं तात्यांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे! तात्यांनी विचारलं, "कोनती पायरी?"

"सोळावी."

"तठे मीबी पडेल शे," तात्या म्हणाले. "पन मी प्यायेल व्हतू, कारकून. ती बिचारी पानी भराले गयथी."

•

पुढची सभा. सातवा विषय चालू, ऊन भिंतीवर चढलेलं. शेठजी उठणार, एवढ्यात शिपाई रूपसिंग पितळी डबा घेऊन दारात उभा! रूपसिंग धडगावकडचा, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

"शेठाणीबाईंनी जेवण पाठवलं," तो म्हणाला.

शेठजी चकित झाले. पण डबा समोर, सूर्य अजून वर. शेजारच्या खोलीत बसून जेवले आणि परत येऊन खुर्चीवर बसले. आठवा विषय झाला. नववा आला! तात्यांनी ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले, मी लिहून घेतला.

शेठजी घरी गेल्यावर भांडं फुटलं. शेठाणीबाई म्हणाल्या, "तुम्हीच निरोप धाडलात ना, जेवण ऑफिसात पाठव म्हणून?" निरोप अर्थात तात्यांनी नेला होता.

सकाळी शेठजी ऑफिसात आले ते संतापून. "तात्या, तुम्ही माझ्या घरी जाऊन खोटं बोललात!"

"बोलनू," तात्या म्हणाले. "पन जेवन तर खरं व्हतं ना?"

शेठजींनी त्या दिवशी उपास केला. खोट्याने आलेलं जेवण पोटात गेलं, त्याचं प्रायश्चित्त! मात्र पुढच्या सभेला डबा पुन्हा आला, आणि या वेळी तो शेठजींनी स्वतः सांगून मागवला होता. मग ती रीतच पडली. जेवण झालं की शेठजी आणि तात्या त्या शेजारच्या खोलीत थोडा वेळ बसायचे. दार लोटलेलं. कुणी विचारलं तर रूपसिंग बाहेरून सांगायचा, "आत कमिटी शे."

•

ठराव मंजूर होऊन आला आणि पाणी कमिटीचे प्रमुख तात्या झाले. नळाचे पाइप आले आणि स्टेशनच्या आवारात पडून राहिले, कारण ते जोडणारा माणूस गावात नव्हता. स्टेशनवर मात्र एक फिटर होता. हाताचा फार कसबी, पण स्वभावाने तिरसट. सुट्टीच्या दिवशी कुणाचं काम करायचा नाही.

तात्या त्याच्याशी पत्ते खेळायला जाऊ लागले. आणि काय आश्चर्य! तात्या हरले. दुसऱ्या दिवशी हरले. आठ दिवस रोज हरले! गावात बातमी झाली, भिकनतात्यांचा हात गेला.

फिटर इतका खूश झाला की नवव्या दिवशी स्वतःच म्हणाला, "तात्या, तुमचे ते पाइप दाखवा बरं." दर रविवारी येऊन काम करायला लागला.

मी तात्यांना म्हटलं, "तुमचं नशीब अगदीच फिरलं की!"

तात्या दुखावले. "नशीब? कारकून, जिंकाले लबाडी कोनीबी करस. हराले करी दाखाड!"

•

त्याच सुमारास दारूबंदीची चळवळ जोरात होती. गावात सभा ठरली. बाहेरगावचे वक्ते आलेच नाहीत, आणि शेठजींचा घसा बसलेला. शेवटी व्यासपीठावर कोण उभं राहिलं? भिकनतात्या!

लोक हसले. पण तात्या बोलायला लागले आणि हसू थांबलं. घरातली भांडी कशी एकेक जातात, पोरं बापाच्या पावलांचा आवाज ऐकून कशी गप्प होतात, सकाळी आरशात बघवत कसं नाही, सगळं सांगितलं. "बाकीना लोकेस्नं ऐकेल शे," ते म्हणाले, "मन्हा सोताना अनुभव शे!" बायाबापड्या रडल्या. चार जणांनी तिथल्या तिथे दारू सोडली.

मग बायकांमधून तात्यांच्या घरच्या उठल्या. पदर नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आते हाईच भाषन घर ईसनी करा!"

सभेत हशा पिकला. तात्याही हसले, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मला त्या बाईंचं वाईट वाटलं. गाव तात्यांना डोक्यावर घेत होतं, पण रोज संध्याकाळी ते परत जायचे तिच्याच दारात.

त्या चार जणांनी दारू सोडली ती कायमची. तात्यांनी सोडली ती दोन दिवस.

•

त्या भाषणानंतर कुणीतरी सरकारकडे निनावी अर्ज केला. पाणी कमिटीचा प्रमुख दारुडा, जुगारी आणि खोटारडा आहे, त्याला काढा. चौकशीला प्रांतसाहेब आले. गोरे, पण मराठीची परीक्षा दिलेले.

पाइप निम्म्या वाटेवर आले होते. तात्या गेले की कमिटी गेली, फिटर गेला, आणि नळ पुन्हा पत्रिकेवर, नवव्या जागी! माझा मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा होता, आणि ही त्याच आठवड्यात बारवेवर जायला लागली होती.

साक्ष एकाचीच, शेठजींची. साहेब म्हणाले, "हे गृहस्थ असत्य बोलत नाहीत असं मी ऐकलं आहे. बाकी कुणाची गरज नाही."

मी तात्यांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून म्हणाले, "शेठजी खरं बोलतीन. बोलू द्या त्यास्ले."

साक्ष मीच लिहून घेत होतो.

"हा मनुष्य मद्य प्राशन करतो काय?"

"करतो," शेठजी म्हणाले. मी तसंच लिहिलं.

"असत्य बोलतो काय?"

"बोलतो. माझ्या घरी येऊन बोलला आहे."

"पत्ते खेळतो काय?"

"रोज."

साहेबांनी अर्ज टेबलावर आपटला. "मग अशा मनुष्याच्या हाती आपण पाणी कसे दिले?"

शेठजींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरून बाया हंडे घेऊन चालल्या होत्या. "साहेब, त्याच्या आधी ते माझ्या हातात होतं," ते म्हणाले. "वर्षभर. नवव्या नंबरवर."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे काय?" शेठजींनी सगळं सांगितलं. मोठ्या साहेबांना दिलेलं उत्तर, तहकूब सभा, डबा, सोळावी पायरी. आमच्या हिचं नाव ऐकून माझे डोळे भरून आले. हे त्यांना कुणी सांगितलं, मला अजून ठाऊक नाही.

साहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "फाइल करा. काम चालू द्या."

होळीच्या आधी चौकात नळ आला. पहिला हंडा आमच्या हिने भरला, तोच, चेपलेला. पण ते नंतरचं. त्या दिवशी साहेब हॅट घेऊन उठले. दाराशी थांबले. आता त्यांचा चेहरा हसरा होता.

"अध्यक्षमहाशय, एक खाजगी प्रश्न. मीही थोडे पत्ते खेळतो. हा मनुष्य खेळात लबाडी करतो काय?"

शेठजी विचारात पडले. तात्या जमिनीकडे बघायला लागले. रूपसिंगने हळूच शेजारच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

शेठजी म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही, साहेब. मी त्यांच्याशी आजवर एकदाही हरलो नाही!"