यंदाची कळलावी कुणी खुडली?

मंडळी, शाळेत एका सुरात म्हटलेल्या फुलांच्या कविता अजून कानात घुमतात. त्याच नादात आज चाळीसगावजवळच्या रानात, पोळ्याला हमखास फुलणारी कळलावी बघायला गेलो. एकही फूल नाही! नुसत्या वेलीचा फोटो काढून परतलो.

संशय शेजारच्या नानावर. त्याला झाडपाल्याच्या औषधांचा नाद. येताना त्याच्या दारात थांबून विचारलंच, "नाना, रानातली कळलावी तूच खुडलीस ना?"

"आबा, माले चोर समजस का?" म्हणत त्याने दार आपटलं.

घरी फोटो मोठा करून पाहिला, तर वेलीला शेंगा! यंदा पाऊस मेमध्येच आला, तशी ती आधीच फुलून गेली. कळलावी घरात आणली की भांडण लागतं म्हणतात. इथे न आणताच लागलं.

आता ऋतूंचाच संशय येतो. तुमच्याकडची रानफुलं वेळेवर येतात का?

हे लिहितोय तोच दारात नाना. "चाल, कोठे शे ती वेल? दखाड माले."