गोदामात गेलेला सिनेमा

“चर्चच्या बेसमेंटमध्ये दाखवला तर? फक्त एकदा. तिकीट नाही, काही नाही,” लुसियानं विचारलं.

“तेही चालणार नाही,” मी म्हटलं. “नो.”

तिचे वडील रामोन शेजारीच बसले होते. त्यांना इंग्रजी कमी येतं, पण ‘नो’ त्यांना कळला.

मी सेल्स एजंट आहे. सिनेमा काढणाऱ्यांच्या वतीनं मी तो डिस्ट्रिब्यूटरला, म्हणजे थिएटरपर्यंत नेणाऱ्या कंपनीला विकतो. हे काम मला कोणी शिकवलं नाही. वडिलांचं अकोल्यात कापडाचं दुकान होतं. न्यू जर्सीत आल्यावर मी वीकेंडला फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे तिथल्या आठवडी बाजारात, कमरेचे पट्टे विकले. घासाघीस अंगात मुरली आहे. आवाज चढतो, तेही मान्य.

लुसिया दातांच्या दवाखान्यात काम करते. चार वर्षं सुट्ट्या साठवून तिनं स्पॅनिशमध्ये विनोदी सिनेमा काढला. एक म्हातारा मुलींच्या कटकटीला कंटाळून बहिरेपणाचं सोंग घेतो, आणि मग घरातला जो तो त्याच्यासमोर बसून आपली गुपितं बोलू लागतो. म्हातारा झाले रामोन. वय एकाहत्तर, अजून स्कूल बस चालवतात. बाकीचे नट म्हणजे त्यांचे भाऊ, भाच्या, शेजारी. मी पाहिला तेव्हा हसून हसून पोट दुखलं.

रामोनना माझ्याकडून एकच हवं होतं. “थिएटरात मागच्या रांगेत बसायचंय. मला न ओळखणारी माणसं हसताना ऐकायची आहेत.”

मी गिऱ्हाईक शोधलं. एका डिस्ट्रिब्यूटर कंपनीतल्या ग्रेगला सिनेमा आवडला, भाषा आवडली नाही.

“इंग्रजीत डब करू,” तो म्हणाला.

“रामोनचा आवाज काढलास तर उरलं काय? डोक्यावरची टोपी?”

“लोक सबटायटल्स वाचत नाहीत, यार.” हा ‘यार’ तो माझ्याकडूनच शिकला होता.

तीन आठवडे भांडलो. दोनदा फोन आपटला. शेवटी ग्रेग म्हणाला, “ठीक. डब नाही. पण मग रिलीज कमिटमेंट काढ.”

अमुक तारखेच्या आत इतक्या थिएटरांत सिनेमा लावूच, असं कंपनी करारात लिहून देते, ती रिलीज कमिटमेंट. मी क्षणभरही थांबलो नाही. पैसे मोजून माल घ्यायचा आणि गोदामात कुजवायचा, असा व्यापारी मी अकोल्यात पाहिला नव्हता. ते कलम मी माझ्या पेनानं खोडलं. लुसियानं माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

जेवताना बायकोला फुशारकीनं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पण लावणार कधी, ते विचारलंस का?”

“विकत घेतलाय म्हणजे लावणारच ना! लोणचं घालणारेत का?”

तिनं भात वाढला.

पाच महिन्यांत ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली. ग्रेगची नोकरी गेली. नव्या कंपनीच्या बाई फोनवर गोड बोलायच्या. “अंडर रिव्ह्यू आहे.” वर्षभर तेच. मग एक दिवस, “आमचा रिलीजचा प्लॅन नाही.”

“मग परत द्या!”

“घेतलेले सिनेमे परत देत नाही आम्ही.”

“एका चर्चमध्ये दाखवू द्या.”

“सॉरी. हक्क एक्सक्लुझिव्ह आहेत, फक्त आमचेच. पंधरा वर्षं.”

मी ओरडलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘हॅव अ गुड डे’ म्हणून फोन ठेवला. ग्रेगला मी अजून शिव्या घालतो. पण तो कागद काढला की कलम खोडणारी रेघ माझीच दिसते.

घरात, घरच्यांपुरता बघायला मनाई नव्हती. रविवारी दुपारी रामोननी सगळ्यांना बोलावलं, मलाही. लॅपटॉप टीव्हीला जोडला. अकरा माणसं होती आणि दहा जणांनी त्यात काम केलेलं. जोक येण्याआधीच त्यांचे ओठ हलत होते. कोणी हसलं नाही. मी हसायचा प्रयत्न केला, तो मलाच बरा वाटला नाही.

रामोन पडद्याकडे बघतच नव्हते. मागच्या खुर्चीवर बसून ते खोलीकडे कान लावून होते. संपल्यावर त्यांनी लुसियाला काहीतरी विचारलं. पंधरा वर्षांनी आपलं वय किती असेल, असं विचारत होते, एवढं मला कळलं. ती दवाखान्यात पेशंटकडे बघून हसते तशी हसली आणि प्लेट्स उचलायला लागली.

आता मी करारात रिलीजची तारीख सगळ्यात आधी लिहून घेतो. मगच भांडायला बसतो.