साडेसातची मालिका

मुलाकडे शोळिंगनल्लूरला राहायला आले आणि मला तमिळ मालिकेचा नाद लागला. भाषा कळेना, पण सासूचं कपट बरोबर कळायचं! ती लागायची साडेसातला, नेमकी आमच्या प्रार्थनेच्या वेळी. जन्मभर जपलेली प्रार्थना मी दोन मिनिटांत उरकू लागले.

एकदा नातीला बायबलमधल्या शलमोन राजाची गोष्ट सांगितली. एवढा शहाणा, देवाचं मंदिर बांधणारा, पण म्हातारपणी त्याचं मन देवापासून फिरलं.

नात म्हणाली, “म्हणजे तुझ्यासारखंच की गं, आजी!”

हसले खरी, पण लाजही वाटली. तेव्हापासून साडेसातला टीव्ही बंद. प्रार्थना झाली की शेजारच्या तमिळ आजी येतात आणि सासूचे प्रताप हातवारे करून दाखवतात. खरं सांगू? मालिकेपेक्षा त्याच भारी!