नकोकाका आणि बटणांचा दगड

टाकीत पाळायचे खाऱ्या पाण्यातले मासे विकणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली नकोकाका म्हणायची, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलं होतं. गिऱ्हाइकानं काचेवर बोट टेकवलं रे टेकवलं, की गल्ल्यामागून आवाज यायचा, "तो नको." या माणसाला दुकान चालवायचंय की बंद पाडायचंय, हे कळायला काही मार्ग नव्हता.

त्या दिवशी त्यांच्यासमोर धुलाईबाई उभी होती. रुग्णालयाच्या चादरी उकळण्यात तिचा जन्म गेला होता. निवृत्त झाली तरी हात थांबले नव्हते. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी आधणात जायची आणि मग वापरात. एकदा नवऱ्याचा नवा कंगवा तिनं असा उकळला की त्याची धनुकली झाली. "वाकडा असला तरी स्वच्छ आहे," असं वर ऐकवलंही.

नवऱ्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दगड कापण्याच्या कारखान्यातल्या धुळीनं त्याची छाती खाल्ली होती. जिना बंद, बाहेर जाणं बंद. खोली एकच, तिच्यात शेगडी, खाट आणि खिडकी. लेकीनं खाऱ्या पाण्याची टाकी आणून दिली. नकोकाकांनीच ती बसवली आणि दोन नारिंगी मासे सोडले. काही दिवस तो माणूस त्या माशांशी गप्पासुद्धा मारायचा. मग पुन्हा गप्प झाला. भिंतीकडे तोंड करून पडू लागला, तेव्हा बाईनं दुकान गाठलं. टाकीत काही नवं आलं तर हा या कुशीवर वळेल, एवढीच तिला आशा होती.

"तो पट्टेरी द्या, पंख पसरलेला," ती म्हणाली.

"नको. ते पंख नाहीत, विषारी काटे आहेत. हात घातलात की ठणाणा कराल."

"मग तो पिवळा, चौकोनी?"

"तो घाबरला की पाण्यात विष सोडतो. स्वतः मरेल आणि तुमच्या दोन्ही नारिंगी माशांनाही घेऊन जाईल."

"निळ्या नक्षीचा तरी?"

"तो फक्त जिवंत बारीक किडे खातो. तुमच्या टाकीत उपाशी मरेल. देखणा आहे म्हणून त्याचे हाल करायचे का?"

बाईनं शेवटी एका दगडावर बोट ठेवलं. त्यावर हिरव्या बटणांसारखं प्रवाळ होतं, प्रत्येकाला कडेनं झालर. "हे तर जागचं हलतही नाही. याला काय नको म्हणणार?"

नकोकाकांनी दगड काढायला हात घातला आणि सहज विचारलं, "दगडावर घाण धरली तर काय कराल, ताई?"

"खळखळून उकळीन," बाई अभिमानानं म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला. "मग हे तुमच्या घरात अजिबात नको. या बटणांमध्ये विष असतं. उकळलंत की वाफेबरोबर उडतं आणि थेट छातीत जातं."

बाईचा पारा चढला. विकायचं नाही तर सरळ सांगावं, विषाची भीती कशाला घालायची? ती तरातरा निघाली आणि समोरच्या दुकानातल्या टाकीतून एक साधा शोभेचा दगड घेऊन आली. त्यावर तपकिरी डाग होते, मळ साचावा तसे. पण भोकाभोकांचा, गुहेसारखा होता.

"काय आणलंस?" खाटेवरून आवाज आला. नवरा वळला होता! बाईला आभाळ ठेंगणं झालं. "माशांना घर आणलंय. जरा उकळते, की सोडू," असं म्हणत तिनं मोठं पातेलं शेगडीवर चढवलं, दगड पाण्यात सोडला आणि गॅस पेटवला.

पाणी कोमट होईतो ती झाकण शोधत होती. झाकण घेऊन वळली तर दगडाच्या बुडाशी एक तपकिरी डाग उघडलेला. गोल, कडेला झालर. बटण!

तिनं झटकन गॅस बंद केला, झाकण घट्ट लावलं, नवऱ्याला धरून बाहेर जिन्याशी खुर्चीवर बसवलं आणि मग नकोकाकांना फोन लावला.

ते दुकान तसंच उघडं टाकून धावत आले. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. दगड आणि पाणी झाकणाच्या बादलीत गेलं, पातेलंही गेलं. "उकळी आली नव्हती. काही झालेलं नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे बाईचा जीव भांड्यात पडला.

मग नकोकाका जिन्यावर टेकले, तर उठेचनात. नवऱ्यानं विचारलं, आणखी काय काय नको म्हणता? झालं, त्यांची गाडी सुरू झाली. कोण कुणाला गिळतं, कोण शोभेसाठी आणला की महिन्यात टाकीएवढा होतो, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला मासा कसा चावला. नवरा हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. त्याला मासा कधी हवाच नव्हता, बोलायला माणूस हवा होता, हे बाईला दारात उभ्या उभ्या कळलं. तिनं मुकाट्यानं चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. काय काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, पण नकोकाका समोर दिसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

"आता काय आणलंत?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली. "काल हे पोटभर जेवले. भाजीत मीठ कमी म्हणून माझ्याशी कडाकडा भांडले. तेवढंच सांगायला आले."