नारळावरचा हात

नारळ मी आणला होता. ही चूक माझी. दुसऱ्या कुणाच्या माथी ती मारायची नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पनवेलला तेव्हा नगरपालिका होती आणि ती निवडणूक आम्ही हरलो होतो. आमच्या प्रभागात चार मतदान केंद्रं. एक कोळीवाड्यातलं, तीन सोसायट्यांमधली. उमेदवार शहराध्यक्षांचा पुतण्या. शहराध्यक्षांना सगळे साहेब म्हणत. मीही म्हणायचो. पुतण्या पडला आणि चार दिवसांत नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये चिंतन बैठक लागली. सोसायट्यांमधले कार्यकर्ते खुर्च्यांवर. आम्ही कोळीवाड्यातले खाली सतरंजीवर. मागे खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी खाली. कुणी सांगितलं नव्हतं. सवय होती.

साहेब म्हणाले, "पक्षाची एकी कुठे फुटली ते आज कळलंच पाहिजे. कोळीवाड्याचं काय, मासळीच्या एका वाट्यावर मत फिरतं तिथलं."

खुर्च्या हसल्या.

आदल्या दिवशी साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं होतं. मतमोजणीला पक्षाचा प्रतिनिधी म्हणून मीच बसलो होतो. प्रत्येक केंद्राचा आकडा माझ्या हातानं लिहून घेतला होता. कोळीवाड्यात पुतण्या चांगला पुढे होता. तो बुडाला सोसायट्यांमध्ये. सगळ्यात जास्त कुठे, तर साहेब स्वतः मत देतात त्या केंद्रावर. कागद मी त्यांना दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली, परत माझ्या खिशात सरकवला. "हा कुणाला दाखवू नका. एकी महत्त्वाची." मग चहा आला. चहा पिताना विचारलं, "तुमच्यात ते नारळाचं काय असतं हो?"

मी सांगितलं. पुनवेला आम्ही नारळ दर्याला देतो. त्यावर हात ठेवून कोळी खोटं बोलत नाही. बोललाच, तर त्याच्या होडीत कुणी पाय ठेवत नाही. मी अगदी अभिमानानं सांगितलं. आजोबांनी मला सांगितलेली गोष्ट मी त्या माणसाच्या टीपॉयवर ठेवली.

"उद्या एक घेऊन या," ते म्हणाले. "आणि शहर उपाध्यक्षपदासाठी तुमचं नाव डोक्यात आहे माझ्या."

घेऊन गेलो. शेंडीचा, हळदकुंकू लावलेला.

बैठकीत साहेबांनी त्या नारळावर शपथ घ्यायला लावली, ती फक्त आम्हा कोळ्यांना. खुर्चीवरच्या एकानं विचारलं, "आम्हीपण घ्यायची का?" साहेब म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला कशाला?" आमची माणसं एकेक उठली. हात ठेवायचा, पक्षालाच मत दिलं म्हणायचं, खाली बसायचं. नारळ माझ्या हातात. मागून कुणीतरी बोललं, "वास लागेल हो नारळाला!" पुन्हा हसू. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो, पण हसलो.

मग हिरावहिनी. नात्यानं माझी वहिनी. मासळी बाजारात बसते. आमच्या केंद्राची प्रमुख तीच होती. दारोदार फिरून, म्हातारी माणसं हाताला धरून तिनं मतदानाला आणली होती. बाजारातल्या बायकांना पाण्याचा नळ हवा म्हणून दोन वर्षं पालिकेत खेटे घालत होती.

ती उठली. हात ठेवला नाही.

"मी काय चोर हाय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, हळू, "नारल दर्याला देतात, भावजी. सायबाला नाय."

आणि निघून गेली.

"बघा," साहेब म्हणाले. "सापडला गद्दार." मग माझ्याकडे वळले. "आता तुम्ही ठेवा. नियम म्हणजे नियम."

अठरा वर्षं त्यांची पोस्टरं मी चिकटवली होती. मी हात ठेवला. शपथ खरी होती. पण खिशातल्या कागदासकट घेतलेली ती शपथ खोट्याहून खोटी होती.

महिन्याभरात हिरावहिनी सगळ्या बाजारात गद्दार झाली. पालिकेतला साहेबांचा माणूस तिला म्हणाला, "तुमच्या पक्षाकडून पत्र आणा, मग नळाचं बघू." नळ राहिला. बायका तिलाच बोल लावू लागल्या. आणि मला निरोप आला, एकजूट मेळाव्यात हिराबाईंना पक्षातून काढायचा ठराव येतोय, अनुमोदन तुम्ही द्या. कोळ्याला काढायचं तर कोळ्यानंच.

त्या निरोपानं मी जागा झालो. चांगुलपणानं नाही. रागानं. या माणसानं माझा देव वापरला, माझा हात वापरला, आता जीभ मागतोय.

मेळाव्यात मी माइकसमोर उभा राहिलो आणि कागद काढला. केंद्राचं नाव, आकडा. केंद्राचं नाव, आकडा. कोळीवाडा पुढे. तिसऱ्या आकड्याला माइक बंद झाला. साहेबांचं केंद्र मी ओरडून वाचलं. पुतण्या धावून आला, कॉलर धरली. मी साहेबांकडे बघत होतो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला बरं वाटलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

ठराव बारगळला. मला पद मिळालं नाही. लोक म्हणाले, पक्ष सोड. का सोडू? पक्ष साहेबाच्या बापाचा नाही. मी आत राहूनच त्याची खुर्ची काढणार. केंद्रा-केंद्रावर जाणार, तो कागद दाखवणार. एकी होईल, पण त्याच्याविरुद्ध.

पण त्याआधी एक काम राहिलं होतं. सकाळी, बाजार ऐन भरात असताना गेलो. हिरावहिनी गिऱ्हाइकाची सुरमई कापत होती. मी वाकून हळूच म्हटलं, "वहिनी, चुकलो मी."

तिनं मान वर केली नाही. "चारचौघांत माजी इज्जत काढलीस न् आता कानात येऊन बोलतोस? मोठ्यान बोल."

गिऱ्हाईक बघायला लागलं. शेजारच्या बायकांचे हात थांबले. मी सरळ उभा राहिलो.

"हिरावहिनी गद्दार नाय!" मी ओरडलो. "तिचा केंद्र पुढं व्हता. मना ठाव व्हता, कागद माज्या खिशात व्हता, न् पदासाठी मी गप बसलो. गद्दार मी हाय. वहिनी, तू मना माफ कर नायतर नको करू. पन ज्यानं तुला गद्दार केलं, त्याला मी सोडनार नाय."