सिंहाच्या कानापासून निघालेली रेघ

दुकानदारानं परत दिलेली चिल्लर न मोजता नुसती न्याहाळत उभा राहणारा माणूस अख्ख्या खामगावात एकच, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ खिशात भिंग बाळगतात, आणि हाती नाणं पडलं की त्यांना कशाची शुद्ध राहत नाही. चिखलीच्या लग्नाला निघाले असताना कंडक्टरनं दिलेला रुपया निरखत ते थेट मेहकरला पोचले. लग्न चुकल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. नाण्यात दोष निघाला नाही, याची हळहळ मात्र महिनाभर चालली होती.

दोष असलेली नाणी ही त्यांची कमजोरी. टांकसाळीतल्या ठशाला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीकशी, वर उठलेली रेघ येते; पुढं त्या ठशातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी दिसते. नंतर पडलेला ओरखडा खोल असतो आणि ज्याचा त्याचा वेगळा. हे त्यांनी मला लग्नात, मयतीत आणि एकदा दाढ काढायला बसलो असतानाही समजावलं आहे.

ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, या वेडाची चिक्कार टिंगल करायच्या. "माह्या स्वयंपाकात खोट सापडत नाही, म्हणून सरकारच्या नाण्यात शोधून राह्यले हे," असं म्हणत चहा पुढं ठेवायच्या. पण नकळत त्यांनाही ती नजर आली असावी. गेल्या वर्षी एका सकाळी मी तिथंच बसलो होतो. ताईंनी भाजीच्या पिशवीतून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि जरा लाजतच नवऱ्यापुढं धरलं. सिंहाच्या कानापासून काठापर्यंत एक रेघ गेली होती.

यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. "घासलं असंन कुठंतरी. तुले काय समजते त्यातलं?"

"बोट लावून तं पाहा, वर आलेली हाय," ताई म्हणाल्या.

साडू हसले. मीही हसलो, हे लिहिताना लाज वाटते. ते नाणं ताईंनी दुपारी कोथिंबिरीत घालवून टाकलं, आणि पुन्हा कधी काही दाखवायला आणलं नाही.

दिवाळीच्या आधी ताई गेल्या.

परवा साडू आले ते चपला न काढताच आत. मूठ उघडली, तर दोन रुपयांची दोन नाणी. एकाच पानवाल्याकडून मिळालेली. दोन्हींवर सिंहाच्या कानापासून काठापर्यंत तीच रेघ, अगदी त्याच जागी. यात समजावण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"तिचंच खरं होतं," ते म्हणाले. "आता सांगू कोणाले?"

मग खुर्चीत बसले. "भाऊ, तुमी होते त्या दिवशी. काय म्हणे ती, तेवढं सांगा. मले आठवून नाही राह्यलं."

त्यांना सगळं आठवत होतं. फक्त ऐकायचं होतं. मी ताईंचे शब्द जमले तसे म्हटले, "बोट लावून तं पाहा, वर आलेली हाय."

त्यांनी डोळे मिटले आणि नाण्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"हाव वं," ते म्हणाले, "वर हाय."